दोन टोल्यांच्या मध्ये

‘गारपीट-अंदाज. जबाबदार व्यक्ती : ज्योत्स्ना बेडसे. दिलेली मशिनं : चार. प्रत्यक्ष वापर : शून्य.’

यामिनीने पडद्यावरची ओळ वाचली, डोळे चोळले आणि पुन्हा वाचली. शून्य शून्यच राहिला.

हे शक्यच नव्हतं. त्याच दिवशी सकाळी आईच्या प्रोग्रामने आसपासच्या सगळ्या गावांतल्या फोनवर निरोप पाठवला होता : ‘आज गारा पडण्याची शक्यता नाही. डाळिंबांवरचं आच्छादन काढायला हरकत नाही.’ मशिनांनी काही कामच केलं नसेल, तर हा अंदाज आला कुठून?

नुसतं कोडं असतं, तर यामिनीला मजा वाटली असती. पण या आकड्यामुळे रविवारच्या सभेत आईची चारही मशिनं काढून घेतली जाणार होती. आणि तो आकडा काढणारं साधन यामिनीने स्वतः लिहिलं होतं.

ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात पांझरा नदीकाठच्या हिवरदरे गावात दोन गोष्टी पाळीने वाटल्या जात. एक, बंधाऱ्याचं पाणी. ते पिढ्यान्‌पिढ्या वाटलं जात होतं. पाटकरी (पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतात सोडणारा माणूस) ठरलेल्या वेळी घंटेचा टोला देई आणि मग एका शेताचं दार बंद होऊन दुसऱ्याचं उघडे. टोला सगळ्यांना ऐकू जाई, त्यामुळे ‘मला कळलंच नाही’ असं म्हणायची सोय कोणाला नसे. सगळं टोल्यावर करायची सवय गावाच्या अंगात इतकी मुरली होती, की शाळा टोल्यावर भरे, बस टोल्यावर सुटे आणि लग्नाची पंगतसुद्धा टोल्यावर बसे.

दुसरी वाटली जाणारी गोष्ट नवी होती. ती म्हणजे गणन, अर्थात आकडेमोड करण्याची ताकद. शाळेमागच्या जुन्या धान्यगोदामात गावाने क्लस्टर (एकमेकांना जोडून एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा समूह) उभारला होता. त्या गोदामाला आता सगळे गणनघर म्हणत. मागच्या उतारावरच्या सौर पट्ट्यांवर ही मशिनं चालत. ऊन असेल तोवर काम आणि मावळतीनंतर फक्त अत्यावश्यक तेवढंच. मागणारे मात्र खूप होते. कोणाला विहिरींच्या पातळीचा हिशेब हवा, कोणाला कपाशीवरच्या किडीचा अंदाज, कोणाला बाजारभाव. मशिनं पुरत नसत.

म्हणून मशिनांच्याही पाळ्या लागत. त्या लावणाऱ्या शेड्युलरचं (आलेली कामं रांगेत घेऊन कोणतं काम कधी आणि कोणत्या मशीनवर चालेल हे ठरवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव गावाने साहजिकच पाटकरी ठेवलं होतं. त्याला आवाज होता. दाराशी लावलेल्या स्पीकरमधून तो बोलायचा आणि दर दहा मिनिटांनी फेरी घेताना खणकन टोलाही द्यायचा.

भांडण सुरू झालं ते महिन्याभरापूर्वीच्या सभेत.

“काही जण मशिनं अडवून बसलेत,” गोकुळकाका म्हणाले होते. हे गोकुळ देवरे, कांदेवाले. आवाज असा की त्यांना माईक लागत नसे. “घेऊन ठेवायचं आणि वापरायचं नाही. रांगेतल्यांनी काय करायचं? पाटकरी, तू सांग, कोण बसून आहे?”

“मला ते सांगता येणार नाही,” पाटकरी म्हणाला. “कोणी किती मागितलं आणि मी किती दिलं, एवढंच मला माहीत असतं. दिलेल्याचं तुम्ही काय करता, ते मी पाहत नाही.”

“मग पाहायला लाग की!”

“मला तसं बनवलेलं नाही, गोकुळभाऊ. रागावून उपयोग नाही.”

सगळे हसले. सभेच्या अध्यक्ष लीलाक्का भामरे मात्र हसल्या नाहीत. त्या प्रल्हादनानांकडे वळल्या. प्रल्हादनाना नांद्रे यांनी उभी हयात दक्षिणेत हवामानाचे भलेमोठे क्लस्टर सांभाळण्यात घालवली होती. आता ते गावी परत येऊन राहिले होते आणि मुलांना विज्ञान शिकवत होते.

“नाना, हे मोजता येईल?” लीलाक्कांनी विचारलं.

“येईल की. ही यामिनी मोजेल. मी बाजूला बसेन.”

असं ते काम बारा वर्षांच्या यामिनीकडे आलं.

दुसऱ्या दिवशी ती गणनघरात गेली, ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. नानांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

“काय उघडणार आहेस?”

“पाटकऱ्याला. त्याच्या प्रोग्राममध्ये मोजायचं काम घालायचं ना?”

“पाटकऱ्याच्या पोटात हात घालायचा नाही. एक ओळ चुकली, तर सगळ्या गावाच्या पाळ्या बंद. आणि उद्या त्याची नवी आवृत्ती आली, की तू घातलेलं सगळं पुसलं जाणार.”

“मग?”

“ज्यांनी हा शेड्युलर लिहिला, ते शहाणे होते. त्यांनी त्याच्यात जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्यात. काम सुरू होताना एक खुंटी, काम चालू असताना एक, काम संपताना एक. त्या खुंटीवर आपण आपला छोटा प्रोग्राम टांगायचा. पाटकरी त्या ठिकाणी आला, की आपल्या प्रोग्रामला हाक मारतो. बाकी तो आपलं काम करत राहतो. अशा टांगलेल्या प्रोग्रामला म्हणतात प्लगइन (मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याला बाहेरून जोडता येणारा छोटा प्रोग्राम).”

यामिनीने थोडा विचार केला. “पण नाना, पाटकऱ्याला कशाला मधे घ्यायचं? प्रत्येक मशीनवर एक मापक लावू. मशीन किती राबलं ते कळेल.”

“कळेल. पण कोणासाठी राबलं?”

तिने मशिनांच्या रांगेकडे पाहिलं.

“सात नंबरचं मशीन सकाळी विहिरींचं काम करतं आणि दुपारी किडीचं,” नाना म्हणाले. “मापक सांगेल, ‘सात नंबर खूप राबलं.’ पण श्रेय कोणाला द्यायचं? कोणतं काम कोणत्या मशीनवर, कधीपासून कधीपर्यंत, हे एकट्या पाटकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून माप घेणारा त्याच्याच खुंटीवर हवा. म्हणजे प्रत्येक मापावर कामाचं नाव आपोआप लागतं.”

मग दोघांनी बसून प्लगइन लिहिलं. काम सुरू झालं, की ते कामाचं नाव आणि त्याला मिळालेली मशिनं टिपून घेई. मग ठरावीक वेळाने मशीनमध्ये डोकावून मेट्रिक (काम कसं चाललंय हे सांगणारं माप) घेई : प्रोसेसर (मशीनचा आकडेमोड करणारा भाग) किती गुंतलाय, स्मृती किती भरलीय. काम संपलं, की सगळी मापं एकत्र करून साठवणीत टाकी.

“किती वेळाने डोकावायचं?” नानांनी विचारलं होतं.

“दर सेकंदाला!”

“मोजणं हेही कामच आहे. चाळीस मशिनांत दर सेकंदाला डोकावायला लागलीस, तर मोजण्यातच वीज जाईल. नेमकी तीच आपल्याला वाचवायची आहे.”

“मग टोल्याला डोकावते. दर दहा मिनिटांनी. पाटकरी फेरी घेतो, तेव्हाच.”

नानांनी मान डोलावली. हिवरदऱ्यात कोणीही डोलावली असती. टोल्यावर करायचं नाही, तर कधी करायचं?

आणि आता हा शून्य.

सभेने नियम केला होता : जे काम दिलेल्या ताकदीचा पाव हिस्साही वापरणार नाही, त्याची मशिनं रविवारी रांगेतल्या पुढच्या कामाला द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी अहवाल दाराजवळच्या मोठ्या पडद्यावर लागला. सगळ्यात वर गोकुळकाकांचं ‘कांदा-भाव’ होतं. वापर : शंभर टक्के. सगळ्यात खाली आईचं काम होतं.

“यामे!” गोकुळकाकांनी दारातूनच हाक मारली. “शाबास गं पोरी! तुझ्या प्लगइनने कष्टाळू माणूस बरोबर ओळखला की नाही?” मग त्यांचं लक्ष यामिनीच्या आईकडे गेलं आणि आवाज जरा खाली आला. “तसं नाही, ज्योत्स्नाताई. मी आपली गंमत केली. तुमच्या कामाबद्दल काही म्हणत नाही मी.”

“पडदाच म्हणतोय, भाऊ,” आई म्हणाली.

घरी परतताना आई दोन पावलं पुढेच चालत होती. दोन वर्षांपूर्वी गारांनी पंचक्रोशीतल्या डाळिंबांचा चुराडा केला, त्या दिवशी तिने हा प्रोग्राम लिहायला घेतला होता. दिवसा शाळेत गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात ढगांचं गणित मांडायची. अंदाज खरे यायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

“माझा प्रोग्राम बसून नसतो, यामी,” घराशी आल्यावर ती म्हणाली.

“मी म्हटलंय का तसं? प्लगइन म्हणतंय.”

“आणि प्लगइन कोणी लिहिलं?”

आईने हे रागाने विचारलं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

शनिवारी सकाळी यामिनी नानांच्या ओट्यावर जाऊन बसली.

“नाना, आकडा बदलता येईल?”

“येईल. पडद्यावर काहीही लिहिता येतं. बदलायचा आहे का?”

तिने मान हलवली. नको. “पण आई खोटं बोलत नाही.”

“आणि प्लगइन?”

“त्याला खोटं बोलता येत नाही.”

“मग दोघंही खरं बोलतायत असं धरून चाल. कोणाची तरी चूक शोधायला गेलीस, तर अडकशील. दोन्ही खरी कशी असतील, ते शोध. आणि पडद्याकडे बघत बसू नकोस. मशीनकडे बघ.”

मशीनकडे काय बघायचं? ती सगळी सारखीच दिसत. काळ्या पेट्या, पुढे हिरवा दिवा. यामिनी रांगेच्या मागच्या बाजूला गेली. तिथे प्रत्येक पेटीचा पंखा आतली गरम हवा बाहेर फेकत होता. आईची मशिनं अकरा ते चौदा. तिने अकरा नंबरच्या मागे बैठक मारली आणि हवेसमोर तळवा धरला.

हवा चांगली गरम होती. चुलीसमोर बसल्यासारखी.

म्हणजे मशीन राबत होतं! प्रोसेसर जितका जास्त राबतो, तितका तापतो, आणि पंखा तितक्याच जोराने फिरतो. एवढं तर तिला ठाऊक होतं. मग शून्य कसा?

ती हात धरून बसून राहिली. हात दुखायला लागला, तेव्हा बदलला. एवढ्यात पंख्याचा सूर उतरू लागला. तळव्यावरची ऊब कमी कमी होत गेली. हवा कोमट झाली, आणि...

खणकन टोला पडला.

यामिनी दचकली. मिनिटभर पंखा मंदच राहिला. मग हळूहळू सूर चढला आणि हवा पुन्हा तापली.

तिने पुढच्या टोल्याची वाट पाहिली. तेच झालं. आधी गरम, टोल्याच्या आसपास कोमट, मग पुन्हा गरम. तिसऱ्या टोल्यापर्यंत ती थांबली आणि तडक घरी पळत सुटली.

“आई, तुझा प्रोग्राम टोल्याला काय करतो?”

आई पोळ्या लाटत होती. “टोल्याला? वाट बघतो. डोंगरावरची हवामान-केंद्रं टोल्याला वारा, दमटपणा, तापमान पाठवतात ना. टोल्याच्या जरा आधी मागचं गणित आटपतो आणि नवी माहिती सगळी येईपर्यंत थांबतो. मग पुढचं गणित सुरू.”

“केंद्रं टोल्यालाच का पाठवतात?”

“म्हणजे काय? मीच तशी लावलीत. टोल्याला नाही तर...” आईचं लाटणं थांबलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“मी बरोबर टोल्याला डोकावते,” यामिनी म्हणाली. “आणि तू बरोबर टोल्याला थांबतेस. दर वेळी! आई, हे म्हणजे मी रोज नेमकी मधल्या सुट्टीत शाळेत डोकावले आणि गावभर सांगितलं, की तिथे कोणी शिकतच नाही.”

आई हसली. कालपासून पहिल्यांदाच.

नानांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “दर दहा मिनिटांनी पुनरावृत्ती होणारी गोष्ट दर दहा मिनिटांनीच पाहिली, तर ती दर वेळी एकसारखीच दिसणार. हे मी दक्षिणेत असताना नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो. आणि इथे, टोला म्हटल्यावर माझ्याही डोक्यात आलं नाही!”

“मग आता सात मिनिटांनी डोकावू? किंवा कधीही, वेळ न ठरवता?”

“त्याने पुष्कळ सुधारेल. सुट्टीही दिसेल आणि तासही दिसतील. पण डोकावणं ते डोकावणंच. दोन डोकावण्यांच्या मध्ये काय झालं, ते निसटणारच. त्याहून चांगलं काही सुचतंय?” नाना ओट्यावरून उतरले आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरखाली जाऊन उभे राहिले. “मीटर वाचणारा माणूस किती वेळा येतो?”

“महिन्यातून एकदा.”

“आणि तो आला, तेव्हा माझ्या घरात एकही दिवा चालू नसला, तर? वीज वापरलीच नाही असं लिहितो?”

“छे! तो दिवे बघतच नाही. मीटरवरचा आकडा बघतो. मागच्या वेळचा आकडा त्यातून वजा करतो...” यामिनीचे डोळे मोठे झाले. “मशीनलाही असा मीटर असतो?”

“ऑपरेटिंग सिस्टिम (मशीनचा सगळा कारभार सांभाळणारा मूळ प्रोग्राम) प्रत्येक कामासाठी असा एक आकडा ठेवते. या कामासाठी प्रोसेसर आजवर एकूण किती सेकंद राबला, एवढंच. तो आकडा फक्त वाढतो, कधी कमी होत नाही. त्याला म्हणतात काउंटर (चढत जाणारी एकूण बेरीज). त्या क्षणी मशीन राबतंय की थांबलंय, हे विचारायचंच नाही. आतापर्यंत एकूण किती राबलं, हे विचारायचं. मग टोल्याला विचार, नाहीतर रोज एकदाच विचार. मधलं काही निसटत नाही.”

“पण उद्या तर सभा आहे. आता मोजायला लागले, तर आठवडा कुठून आणू?”

“आईचं काम या आठवड्यात कधी बंद पडून पुन्हा सुरू झालं का?”

“नाही. सुरू झाल्यापासून सलग चालू आहे.”

“मग मीटर पहिल्या सेकंदापासून फिरतोच आहे. आपण फक्त वाचत नव्हतो.”

दोघं गणनघरात आली. प्लगइनमध्ये बदल करायला फारसा वेळ लागला नाही. काम सुरू झाल्याची वेळ खुंटीवर आधीच टिपलेली होती. आता काउंटर वाचायचा आणि मशीन जेवढा वेळ दिलं होतं, त्याने भागायचं. सगळ्यांच्या कामांसाठी एकच रीत. नाना खुर्चीत बसून होते. त्यांनी फक्त एकदा तिचा भागाकार उलटा झालाय, हे दाखवलं.

अहवाल तयार झाला. यामिनीने घाईघाईने शेवटच्या ओळी पाहिल्या.

‘गारपीट-अंदाज. वापर : त्रेसष्ट टक्के.’

ती खुर्चीतून उडालीच. पाव हिश्श्याच्या कितीतरी वर! आईची मशिनं वाचली!

मग तिच्या डोक्यात एक किडा वळवळला. अकरा नंबर तर दहातली साडेआठ मिनिटं गरम होतं. ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास भरायला हवं. मग एकूण त्रेसष्ट कसे? तिने एकत्रित आकडा फोडला आणि प्रत्येक मशीनचा वेगळा काढला. अकरा : चौऱ्याऐंशी. बारा : त्र्याऐंशी. तेरा : चौऱ्याऐंशी. चौदा : एक.

चौदा नंबर खरोखरच बसून होतं.

नाना एव्हाना घरी गेले होते. गणनघरात दुसरं कोणी नव्हतं. सभेच्या पडद्यावर फक्त एकत्रित आकडा लागतो, फोड कोणी मागत नाही. यामिनीने फोड बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली आणि घरी गेली.

रविवारी गणनघर भरलं होतं. यामिनीने पुढे उभं राहून टोल्याची हकिकत सांगितली, मधल्या सुट्टीची आणि मीटरचीही. मग नवा अहवाल पडद्यावर लावला. गारपीट-अंदाज शून्यावरून त्रेसष्टावर चढलं होतं, आणि कांदा-भाव शंभरावरून दहावर घसरलं होतं.

सगळ्यांच्या माना गोकुळकाकांकडे वळल्या.

“अरे!” गोकुळकाका उभे राहिले. “हे कसं काय? परवा तर मी पहिला होतो!”

“काका, तुमचा प्रोग्राम टोल्याला बाजारातून भाव आणतो,” यामिनी म्हणाली. “मिनिटभर आकडेमोड करतो आणि पुढच्या टोल्यापर्यंत झोपतो. मी नेमकी तेवढ्या मिनिटातच डोकावत होते.”

“म्हणजे साहेब येताना दिसले की फाइल उघडणाऱ्यातला झाला माझा प्रोग्राम!” गोकुळकाका म्हणाले, आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसले. मग खाली बसत पुटपुटले, “मशिनं अडवून कोण बसलंय म्हणून मीच ओरडत होतो. मला काय ठाऊक, तो मीच!”

“मुद्दाम कोणी केलं नाही,” लीलाक्का म्हणाल्या. “तुमचं काम लहान आहे, पण लागतं सगळ्यांना. पाटकरी, टोल्याला मिनिटभर मशीन आणि मग मोकळं, असं देता येईल?”

“मागितलं तर देईन,” पाटकरी म्हणाला. “आजवर त्यांनी दिवसभराचंच मागितलं होतं.”

“मग ते झालं. आणि गारपीट-अंदाजाची चारही मशिनं तशीच राहतील. कोणाची हरकत?”

कोणाचीच नव्हती. यामिनीची नजर मात्र आईला शोधू लागली. आई मागच्या रांगेत शेजारणीशी हळू आवाजात काही बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर शुक्रवारनंतर पहिल्यांदाच निवांतपणा आला होता. यामिनी रांगेतून वाट काढत तिच्यापर्यंत गेली आणि कानाशी वाकली.

“आई, चौदा नंबर खरंच काही करत नाही. एक टक्का.”

“कधी कळलं तुला?”

“काल.”

आईने तिच्याकडे पाहिलं. यामिनीला वाटलं, आता विचारेल, काल का नाही सांगितलंस. पण आई भराभर वेगळाच विचार करत होती.

“चौदावर कोंडाईबारी घाटाच्या बाजूचं गणित चालतं,” ती हळूच म्हणाली. “ते बसून आहे म्हणजे... त्याला गणितासाठी माहितीच येत नाहीये.” ती ताडकन उभी राहिली. “लीलाक्का, एक सांगायचं आहे. माझं एक मशीन रिकामं आहे. ते काढून घ्या.”

“अहो ताई, कशाला?” गोकुळकाका म्हणाले. “त्रेसष्ट टक्के पुष्कळ झाले!”

“टक्क्यांचं नाही, भाऊ. कोंडाईबारीच्या बाजूचं केंद्र बंद पडलंय आणि मला पत्ताच नाही. माहिती आली नाही, की माझा प्रोग्राम थोडी वाट बघतो आणि त्या बाजूचं गणित न करता जुनंच उत्तर धरून पुढे जातो. मीच तसं लिहिलंय. म्हणजे त्या बाजूच्या गावांना मी आठवडाभर जुन्या आकड्यांवरून सांगतेय, की गारा पडणार नाहीत. त्यांनी माझ्या भरवशावर आच्छादनं काढून ठेवली असतील.”

आईने तिथल्या तिथे फोन काढला आणि त्या गावांना निरोप पाठवला : ‘तुमच्या बाजूचा अंदाज दुरुस्तीपर्यंत धरू नये. आच्छादनं घालून ठेवावीत.’

सभा संपल्यावर नाना यामिनीजवळ आले. ती भिंतीला टेकून उभी होती.

“काल रात्री झोप लागली नाही ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“फोड मीही काढली होती, घरी बसून. वाट बघत होतो.”

“मी सांगितलं नसतं तर?”

“तर मी सांगितलं असतं. पण तू सांगितलंस ते बरं झालं.” नाना जरा थांबले. “तुझं माप आईच्या बाजूचं नाही आणि गोकुळच्याही नाही. म्हणून तर ते आईच्या एवढं उपयोगी पडलं.”

“पण नाना, ते फक्त मशीन किती राबलं तेवढंच सांगतं. काम चांगलं आहे की फालतू, ते कुठे सांगतं? गोकुळकाकांचं दहाच टक्के आहे, पण भाव सगळ्यांना लागतात.”

“ते मोजणारं प्लगइन अजून कोणी लिहिलेलं नाही,” नाना म्हणाले. “त्यासाठी सभा लागते.”

सोमवारी शाळेची सुट्टी काढून मायलेकी कोंडाईबारीच्या बाजूच्या डोंगरावर चढल्या. केंद्र म्हणजे एक खांब, त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या, एक पेटी आणि एक हातभर सौर पट्टी. वारा जोराचा होता. पट्टीवर पाखरांनी घाण केली होती आणि पेटीतली बॅटरी पार उतरली होती. आईने बॅटरी बदलली. यामिनीने बाटलीतलं पाणी ओतून पट्टी स्वच्छ पुसली.

“चालू झालं का?” आईने खालून विचारलं.

यामिनीने फोनवर गणनघर उघडलं. “माहिती यायला लागली. आई, दमटपणा कितीतरी जास्त दाखवतंय!”

“दाखव.” आईने आकडे पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पश्चिमेकडे, डोंगरांच्या पलीकडे, ढगांचा एक करडा पट्टा उभा राहिला होता. “हे गणित आजच व्हायला हवं. पाटकरी, मला एक मशीन पाहिजे.”

“चौदा नंबर विहिरींच्या कामाला दिलंय,” फोनमधून पाटकऱ्याचा शांत आवाज आला. “तुम्ही रांगेत तिसऱ्या आहात, ज्योत्स्नाताई.”

आई काही बोलणार, तेवढ्यात पाटकरीच पुन्हा म्हणाला, “थांबा. पहिल्या क्रमांकावरून गोकुळभाऊंनी स्वतःची पाळी तुम्हाला दिली आहे. दुसऱ्या क्रमांकावरच्या लीलाक्कांनीही दिली आहे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही केंद्राकडे निघाल्याचं समजलं म्हणून देतो, असं त्यांनी कळवलंय. मशीन नऊ तुमचं. सुरू करू?”

“कर,” आई म्हणाली.

ढगांचा पट्टा अजून लांब होता. यामिनी खांबाला पाठ टेकून बसली आणि फोनवर नऊ नंबरचा काउंटर वाचू लागली. तो भराभर चढत होता. उताराखाली गावं दिसत होती, त्यांची डाळिंबं दिसत होती, आणि आच्छादनांच्या पांढऱ्या पट्ट्या एकेका शेतावर पसरत चालल्या होत्या.